एक शेंग बियाला ठेवूया

दोडक्याच्या वेलावरचं सगळ्यात देखणं फळ कुणी तोडायचं नाही, ही आपल्या घरांतली जुनी शिस्त. “तो बियाला ठेवलाय, हात लावू नका,” असं एकदा आजीनं बजावलं की घरातली पोरंसोरंही त्या फळाच्या वाटेला जात नसत. दोडका वेलावरच वाळायचा, आतून खुळखुळायला लागायचा आणि मग चुलीच्या वर, धुराच्या वाटेत टांगला जायचा. मृगाच्या तोंडावर तो फोडायचा. चार बिया आपल्या आळ्यात, उरलेल्या शेजारणीला, नणंदेला, माहेरी आलेल्या लेकीला.

भाजीचं बी विकत आणायचं असतं, हे कित्येक घरांच्या मनातही येत नसे. खत गोठ्यातलं. पाणी मोरीचं, त्यावर अळू आणि केळ वाढायची. आणि या सगळ्याचं शिक्षण? ते आजीच्या मागे मागे फिरता फिरता होऊन जायचं. फी नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही.

ही हातोहात चालत आलेली साखळी आपल्या डोळ्यांदेखत तुटते आहे. पण ती पुरती तुटलेली नाही. बी राखणाऱ्या आज्या अजून आहेत, मातीत हात घालायला उतावीळ नातवंडंही आहेत. दोघांना जोडणारी मधली पिढी म्हणजे आपण. म्हणून ही हाक आपल्यालाच.

काय निसटतंय?

आधी गेली जागा. २०११च्या जनगणनेतच महाराष्ट्रातले ४५ टक्के लोक शहरांत राहत होते. तिथे परसदार नाही, असली तर हातभर गॅलरी, खिडकीबाहेरची लोखंडी जाळी. गावातही चित्र बदललं. अंगणात फरशी आली, गल्लीत पेव्हर ब्लॉक आले, मोरीचं पाणी गटारात गेलं. घर स्वच्छ दिसू लागलं हे खरंच. पण त्या स्वच्छतेत अळूची जागाही पुसली गेली.

मग गेलं बी. बाजारात मिळणाऱ्या भाजीपाल्याच्या पाकिटांत संकरित वाण भरपूर असतात. त्यांचं पीक जोमदार येतं, एकसारखं येतं. विकण्यासाठी भाजी पिकवणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण संकरित वाणाच्या फळातलं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं, तर आईबापाचे गुण सगळ्या रोपांत सारखे उतरत नाहीत. म्हणजे दर वर्षी नवं पाकीट. बाजारासाठीची ही सवय हळूहळू घरच्या कुंडीतही शिरली आणि बी धरायची गरजच आपण विसरलो.

आता जायच्या वाटेवर आहे ते हातातलं ज्ञान. शेंग किती वाळली म्हणजे बी धरावं? वांगं बियासाठी ठेवलं तर त्याचा रंग कोणता झाला म्हणजे ते तयार? वालाला कीड लागू नये म्हणून राख कधी मिसळायची? ही माहिती बहुतेक घरांत लिहून ठेवलेली नाही. ती सत्तरी ओलांडलेल्या बायकांच्या बोटांत आहे. त्यांना कुणी विचारत नाही, म्हणून त्या सांगत नाहीत.

यात दोष कुणाचा काढायचा? आईवडील दोघंही नोकरीला, मुलं शाळा आणि शिकवणीत, घर तिसऱ्या मजल्यावर. कुणी मुद्दाम काही टाकून दिलेलं नाही, रोजच्या धांदलीत ते सुटून गेलं. आणि जे मुद्दाम टाकलेलं नाही, ते पुन्हा उचलायला संकोच कसला?

घाई का करायची?

बी म्हणजे लॉकरमधला दागिना नव्हे. कुलूप लावून ठेवलं की पणतीपर्यंत पोचेल, असं त्याचं नसतं. दाण्याच्या आत जीव असतो आणि तो रोज थोडा थोडा खर्च होत असतो. घरातल्या साध्या डब्यात कांद्याचं बी वर्षभरातच मंदावतं. वाल, चवळी, भेंडी दोन-तीन वर्षं नीट साथ देतात. टोमॅटोचं बी कोरडं ठेवलं तर चार-पाच वर्षं टिकतं. दमट कोकणात, भर पावसाळ्यात हे आयुष्य आणखी घटतं.

म्हणजे घरचं वाण टिकवायचं तर ते दर दोन-तीन वर्षांनी पेरलंच पाहिजे. शंभर वर्षं चालत आलेला घेवडा संपायला शंभर वर्षं लागत नाहीत. एका पिढीनं चार-पाच पावसाळे दुर्लक्ष केलं की पुरे. डबा माळ्यावर सापडतो, बीही सापडतं, पण ते उगवत नाही.

नॉर्वेतल्या स्वालबार्डला २००८ साली बर्फाळ डोंगराच्या पोटात जगभरातल्या बियाण्यांसाठी कोठार उघडलं. दिल्लीत आपली राष्ट्रीय जनुकपेढी आहे. तिथे उणे १८ अंश तापमानात बी जपलं जातं. ही कामं मोठी आहेत, आणि हवीतच. पण आपल्या आळीतला एखादा घेवडा तिथे पोचला असेलच, याची हमी कोण देणार? आणि पोचला असला तरी तो कधी पेरायचा, त्याला कोणता मसाला लागतो, सोलाण्याची उसळ कशी करायची, हे शीतगृहात मावत नाही. त्याला घर लागतं, चूल लागते. आणि पुढची पन्नास वर्षं ते चालवायला आज आठ-दहा वर्षांचं असलेलं कुणीतरी लागतं.

इथे मुलं हौसेपुरती नाहीत. बियाण्याचा पुढचा वारस तीच आहेत. एका पिढीनं जपलेलं दुसऱ्या पिढीनं पेरलं नाही, तर पहिलीचं जपणंही वाया जातं.

आपल्या सणांना हे ठाऊक होतं

नवरात्रात आपण घट बसवतो. पत्रावळीवर माती, मातीत धान्य, मधे कलश. नऊ दिवसांत पिवळसर कोवळे अंकुर वर येतात, दसऱ्याला टोपीत आणि फेट्यात खोवले जातात. त्यात भक्ती तर आहेच, पण रब्बीच्या पेरणीआधी कोणतं धान्य कसं उगवतंय ते घरोघरी, मुलांच्या नजरेसमोर, दिसतंही. यंदा घटातल्या धान्यात मुलांना मोजू द्या: दहा दाणे टाकले, किती उगवले?

ऋषिपंचमीची भाजी घ्या. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, असा दंडक. मग खायचं काय? परसात हातानं लावलेलं: अळू, माठ, भोपळा, दोडका, पडवळ, भेंडी, सुरण, मक्याची कणसं. वर्षातून एक दिवस घराला आपल्या परसावर जेवायला लावणारा हा सण. आज या भाजीचा तयार वाटा मंडईत मिळतो. त्यातल्या चार भाज्या आपल्या कुंडीतल्या असल्या तर?

पौषातली भोगीची भाजी, श्रावणातल्या पूजेची पत्री, दारची तुळस, साऱ्यांच्या मागे घरचं हिरवं आहे. सण आपण सोडलेले नाहीत. त्यांच्याखालची माती तेवढी परत आणायची आहे.

करून दाखवणारी माणसं

हे शक्य आहे का, असं विचारणाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावाकडे बघावं. राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण भात, वाल, घेवडा, पालेभाज्या यांचं गावरान बी त्यांनी गोळा केलं, पेरलं, वाढवलं आणि बायाबायांत वाटलं. बाएफ संस्थेच्या साथीनं त्यांच्या घरीच बियाण्यांची बँक उभी राहिली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. त्यांची सुरुवात झाली ती घरातूनच. नातवंड वरचेवर आजारी पडतंय, ते विकतच्या भाजीमुळे तर नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. एका आजीची काळजी तालुकाभर पसरली.

जागा नाही, पैसा नाही म्हणणाऱ्यांसाठी दुसरं नाव श्रीपाद अच्युत दाभोळकर. गणिताचे शिक्षक असलेल्या या माणसानं शेतीचा हिशोब वेगळ्या पद्धतीनं मांडला. ऊन फुकट पडतंय, पालापाचोळा फुकट पडलाय. मग तुमच्या हाती खरं भांडवल किती, ते मोजा! ‘प्रयोग परिवार’ उभा करून त्यांनी साध्यासुध्या लोकांना स्वतः करून बघायला, नोंदी ठेवायला आणि एकमेकांना सांगायला शिकवलं. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक गच्चीवर बाग करणाऱ्यांनी एकदा वाचावंच.

आणि मुलांचं काय, असं कुणी विचारलं तर कोसबाडची टेकडी आहे. तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांची वाट बघितली नाही. शंख-शिंपले, पानं, खडे, बिया, जे आजूबाजूला पडलेलं होतं, त्यावर त्यांची बालवाडी चालली. मुठीतला वाल मोजता मोजता मूल आकडे शिकतं आणि तोच वाल पेरून जीवशास्त्र. खर्च शून्य.

कुंडीनं काय साधणार?

प्रश्न रास्त आहे. गॅलरीतल्या दोन डब्यांनी वर्षाची भाजी भागणार नाही, खोटं कशाला बोला? पण कोथिंबीर, मेथी, पुदिना, मिरची, कढीपत्ता एवढं घरचं झालं, तरी रोजची चिल्लर खरेदी घटते. काडीभर कोथिंबिरीसाठी जुडी आणायची आणि निम्मी सडवायची, हे थांबतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. मेथीची एक कुंडी यावर औषध नाही. त्याला पूर्ण आहार, तपासणी, उपचार लागतात. पण ताटातली पालेभाजी बाजूला सारणारं मूल स्वतः पेरलेली मेथी मात्र चाखून बघतं, हे ज्यानं मुलांसोबत काही पेरलंय त्याला सांगावं लागत नाही. चाखलं की दार किलकिलं झालं!

आणखीही एक गोष्ट आहे. आपल्या मुलांना सगळं बटणावर मिळतं. धणे मात्र बटणावर उगवत नाहीत; आठ-दहा दिवस थांबवतात. मिरची त्याहून हट्टी. कधी सगळं नीट करूनही रोप मरतं आणि पुन्हा पेरावं लागतं. वाट बघणं आणि पुन्हा पेरणं, हे दोन धडे कोणत्याही शिकवणी वर्गात मिळत नाहीत.

चला, सुरुवात स्वयंपाकघरातून

नर्सरीत जायच्या आधी फडताळ उघडूया. मेथीदाणे आहेत, धणे आहेत, मोहरी, मूग, चवळी, हरभरे आहेत. न फोडलेला राजगिरा असेल. हेच आपलं पहिलं बियाणं.

लहानग्यांना पहिल्यांदा मेथीच द्या. दोन-चार दिवसांत कोंब दिसतो, धीर सुटायच्या आत यश मिळतं, आणि तीन-चार आठवड्यांत भाजी. धणे अख्खे पेरू नका. लाटणं हलकेच फिरवून त्यांच्या दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. चवळीचा दाणा मोठा, बोटांत धरता येणारा. तो चार वर्षांच्या मुलालाही टोकता येतो. बी जेवढं जाड, त्याच्या दोन-तीन पट खोल, एवढा एकच नियम मुलांना सांगा. राजगिऱ्याचं बी बारीक, ते नुसतं भुरभुरायचं आणि वरून चिमूटभर माती.

भांडं? तेलाचा रिकामा डबा, फुटकी बादली, गोणपाट, दुधाची पिशवी, रोपांसाठी करवंटी. तळाला भोकं पाडली की झालं. ती मात्र मोठ्यांनी पाडावीत. बाजारातल्या रंगीत कुंड्यांचं आपण काही देणं लागत नाही.

माती विकत आणू नका. थोडी माती, थोडं जुनं शेणखत किंवा कंपोस्ट आणि भरपूर सुका पालापाचोळा. उसाचं चिपाड मिळालं तर तेही. नारळाच्या शेंड्या तळाशी. भांडं हलकं राहतं, गच्चीवर भार पडत नाही. भाजीची देठं-सालं त्याच डब्यात थोडी थोडी जिरवता येतात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी ओतून देऊ नका, ते झाडांना घाला. माव्यावर चाळलेली राख किंवा कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डासांना तेवढंच हवं असतं.

ऊन किती? पालेभाजीला तीन-चार तास चालतात. मिरची, टोमॅटो, भेंडीला पाच-सहा तास हवेत. रविवारी मुलांना खडू द्या आणि गॅलरीत ऊन कुठून कुठे सरकतं, ते दर तासाला आखायला सांगा. जागा आपोआप सापडेल.

पाकिटातलं बी आणलंत आणि ते गुलाबी किंवा निळ्या रंगाचं दिसलं, तर त्यावर औषध चोळलेलं असतं. ते मुलांच्या हातात देऊ नका, आणि आपणही हात धुवा.

वेळेचं गणितही सोपं आहे. ज्येष्ठ-आषाढात दोडका, घोसाळी, कारलं, भेंडी, चवळी, अंबाडी. वालही पावसाळ्यातच, दिवस लहान व्हायला लागले की तो फुलतो आणि थंडीत शेंगा देतो. गणपती उठले की मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो. थंडी ओसरली की गवार, काकडी, तांबडा माठ. वर्षात असा एकही महिना नाही, ज्यात काहीच पेरता येत नाही. आज पेरता येईल असं काहीतरी नक्की आहे.

आणि आता बी धरूया

इथवर पुष्कळ जण येतात. रोप वाढतं, भाजी होते, फोटो निघतो आणि मग डबा रिकामा. आपल्याला त्यापुढचं एक पाऊल हवं आहे. सगळं खायचं नाही. एक शेंग, एक फळ, एक झाड बियाला ठेवायचं. कोणतं? आधी लागलेलं, निरोगी, टवटवीत. उरलंसुरलं नव्हे. त्याला लाल दोरा बांधायचा मान घरातल्या सगळ्यात लहान मुलाला.

सुरुवात वाल, घेवडा, चवळी, मेथी यांनी करा. या झाडांचं फुलाच्या आतच बरंचसं जमून जातं, म्हणून बी सहसा शुद्ध राहतं. शेंग झाडावरच वाळू द्यायची, खुळखुळली की काढायची. भेंडी जून होऊन तडकायला लागली की तयार. टोमॅटो पूर्ण पिकवायचा, गर थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवायचा. वास येईल, नाक मुरडू नका; बियांभोवतीचा बुळबुळीतपणा सुटायला तेच हवं असतं. मग धुवायचं, ताटलीवर सावलीत सुकवायचं. बाजारातला टोमॅटो बहुधा संकरित असतो. त्याच्या बियांनी हात बसवायला हरकत नाही, पण जपायला गावठी टोमॅटोचंच बी मिळवा.

भोपळा, दुधी, काकडी, दोडका जरा अवघड. त्यांची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी, मधे किडे-माश्यांचा वावर. जवळपास दोन जातींचे दुधी असले तर बी मिसळतं. पण मुलांची खरी मजा इथेच. मादी फुलामागे इवलं फळ असतं, नर फुलामागे नसतं, ओळखा पाहू! भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, दुधीचं संध्याकाळी. गच्चीवर मधमाश्या फिरकत नसतील तर नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच टेकवायचं. शास्त्राच्या पुस्तकातलं परागीभवन मूल स्वतःच्या बोटांनी करतं. एवढं मात्र लक्षात ठेवा: दुधी किंवा दोडका चवीला कडू लागला तर तो खायचा नाही, टाकून द्यायचा, आणि त्याचं बीही धरायचं नाही. कडू दुधीनं माणसं गंभीर आजारी पडतात.

बी सावलीत खडखडीत वाळवायचं. कागदाच्या पुडीत, काचेच्या बरणीत, थोडी चाळलेली राख घालून किंवा कडुनिंबाची सुकी पानं टाकून ठेवायचं. आणि पुडीवर नाव लिहायचं: कोणतं बी, कुणाकडून आलं, कधी धरलं. ‘कमलआजीचा घेवडा’ असं मुलाच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेली पुडी आपण सहजी फेकून देऊ शकणार नाही. पेरण्याआधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून बघा. सातच्या वर कोंब आले तर बी चांगलं.

एकट्यानं नाही, मिळून

एका घरात जपलेलं बी उंदरानं खाल्लं, बुरशीनं गेलं की संपलं. तेच दहा घरांत असेल तर नऊ ठिकाणी तरी वाचेल. बी वाटलं की सुरक्षित होतं, हा आपल्या वानोळ्याच्या रीतीतला शहाणपणा होता. ती रीत पुन्हा सुरू करायला फार काही लागत नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू येतं तेव्हा प्लॅस्टिकच्या डब्या वाण म्हणून लुटतो. यंदा घरच्या बियांची पुडी लुटूया. पंचवीस बायकांच्या घरी पंचवीस वाल पोचले तर पुढच्या पावसाळ्यात किती मांडव उभे राहतील, मोजा!

मुलांच्या वाढदिवसाला परतभेट म्हणून टिकाऊ नसलेली खेळणी देतो. त्याजागी करवंटीतलं एक रोप, सोबत पेरणाऱ्याचं नाव.

सोसायटीच्या गणेशोत्सवात चित्रकलेची स्पर्धा असतेच. तिच्या शेजारी एक टेबल बियांचं. घेऊन जा, पेरा, पुढच्या वर्षी दुप्पट आणून द्या. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, भाषण नाही.

गावच्या वाचनालयात एक खण रिकामा करा. पुस्तकांसोबत बियाही देवाणघेवाणीला ठेवा.

शाळांना तर सरकारी आधारही आहे. केंद्राच्या पोषण शक्ती योजनेत शाळांनी पोषण बागा कराव्यात असं धोरण आहे, आणि महाराष्ट्रातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांनी आपल्या परसबागा हौसेनं फुलवल्या आहेत. पण उन्हाळी सुट्टीत पाणी कोण घालणार, इथे गाडी अडते. तिथे आपण हवे आहोत. शाळेजवळ राहणाऱ्या सात घरांनी एकेक वार वाटून घेतला की प्रश्न मिटला. शिक्षकांना विचारा, “आमचा मंगळवार, चालेल का?”

कायद्याची भीती असेल तर ती सोडा. २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क मान्य केला आहे. संरक्षित वाणाचं बी कंपनीच्या नावानं, ब्रँडखाली विकता येत नाही, एवढीच अट. आजीचा घेवडा शेजारणीला देण्यात कसलीच अडचण नाही.

परदेशातल्या आपल्या मंडळींना एक विनंती. इथलं बी पिशवीत लपवून नेऊ नका. प्रत्येक देशाचे पिकांवरच्या रोगकिडींबाबतचे नियम असतात, आणि त्यांना कारण आहे. तिथल्या वाणसामानाच्या दुकानातली मेथी, धणे, मोहरी तुमच्याच खिडकीत उगवतील. बी तिथलं असू द्या. पेरायची रीत आजीची आणि हात तुमच्या मुलांचे.

या आठवड्यात काय?

लांबचे संकल्प नकोत. तीन कामं पुरेत.

पहिलं, आपल्या नात्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला फोन लावूया. “आजी, तुमच्याकडे बियाला काय काय ठेवायचात?” एवढंच विचारूया आणि मुलांना फोनवर ऐकू देऊया. जे सांगतील ते मुलांनीच वहीत लिहावं. बी शिल्लक असेल तर मागून घेऊया. त्या नाही म्हणणार नाहीत. इतकी वर्षं कुणी मागायची त्या वाट बघत असतील.

दुसरं, एक डबा भरूया. एकच. मुलाच्या हातानं त्यात मेथी किंवा चवळी पेरूया.

तिसरं, पुढे त्यातून जे येईल, त्यातला एक वाटा बियाला ठेवूया आणि दोन घरांना देऊया. त्या दोघांना सांगूया, तुम्हीही दोघांना द्या.

हे काम सरकारनं करावं, संस्थांनी करावं, शेतकऱ्यांनी करावं, असं म्हणत बसलो तर आणखी चार-पाच पावसाळे जातील, आणि बियांना तेवढा दम नाही. राहीबाईंच्या हाती सुरुवातीला पैसा नव्हता, पद नव्हतं, मोठी जमीन नव्हती. मूठभर बी होतं आणि ते वाटायची तयारी होती. तेवढं तर आपल्या प्रत्येकाच्या फडताळात आहे. मुलांना हाक मारा, डबा शोधा, आणि आज संध्याकाळीच मेथीदाणे भिजत घाला!